सुभद्राकाकूच्या दारावरची दोन अक्षरं

कसं सांगू आणि कुठून सांगू, हेच कळत नाही. तुम्ही आधी चहा घ्या. थंड झाला तर त्याचाही दोष माझ्याच नावावर लागेल, आणि माझ्या नावावर आधीच बरंच काही लागलेलं आहे.

मी आमच्या गावातलं एक उभं घर पाडत आणलं होतं. हो, मीच! जिला हजेरीच्या वेळी "हजर" म्हणतानाही घाम फुटतो, ती मी. माझ्या हातात टिकाव नव्हता, सब्बल नव्हती. खडूचा एक तुकडा होता.

हसू नका. गोष्ट तशी हसण्यासारखी आहे, पण ज्यांचं घर होतं त्यांना तेव्हा हसू आलं नव्हतं. म्हणून मीही जरा जपूनच सांगते.

आमचं गाव घाटंजी तालुक्यात. एका टोकाला शाळा, दुसऱ्या टोकाला पाण्याची टाकी, मध्ये घरं आणि चारी बाजूंनी कापूस. मी नववीत आहे. इंग्रजीला भोयर सर आहेत. दिवाळीनंतर त्यांनी आम्हाला आर्टिकल शिकवली. ए, अॅन आणि द.

सर म्हणाले, "एखादी वस्तू अनेकांतली एक असेल, तर तिच्या आधी ए. शब्द स्वराच्या आवाजानं सुरू होत असेल, तर अॅन. जी गावात एकच आहे, किंवा जी सगळ्यांना ठाऊक आहे, तिच्या आधी द. आणि जे मोजता येत नाही, म्हणजे पाणी, दूध, पीठ, कापूस, त्याच्या आधी काहीच नाही. शून्य!"

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, कापूस त मोजतेत ना. काट्यावर."

"तोलतात. मोजत नाहीत."

"मंग माये बाबा काहून म्हनते, 'काल कापूस मोजून आलो'?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "पुढे चला."

मला मात्र आर्टिकल फार आवडली. वाक्यातले सगळ्यात लहान शब्द. नामाच्या आधी येतात, हळूच बोलले जातात, आणि तरी ते नसले की सर लाल पेनानं गोल करतात. चाचणीत मला वीसपैकी वीस मिळाले. सरांनी वर्गात माझं नाव घेतलं. मी बाकाखाली काहीतरी शोधू लागले. तिथं काहीच पडलेलं नव्हतं.

"पल्लवी, शनिवारी पाचवीच्या पोरांना तू आर्टिकल शिकव."

तीस पोरांसमोर उभं राहून बोलायचं? मी सरांच्या चपलेकडे बघत राहिले. मग त्यांना माझी दया आली असावी.

"बरं, बोलू नकोस. लिही. गावातल्या वीस वस्तू निवड आणि त्यांच्यावर चिठ्ठ्या लाव. ए हाऊस, द टेम्पल, असं. मी पोरांना फिरवीन, ते वाचतील. तू नुसती मागे उभी राहा. जमेल?"

मागे उभं राहणं! त्यात तर माझा पहिला नंबर आहे. मी मान हलवली.

सरांनी सांगितलं तेवढंच केलं असतं तर आज मी तुमच्यासमोर हा किस्सा सांगत बसले नसते. पण मी फार विचार करते. विचार करून करून मी तीन निर्णय घेतले आणि तिन्ही चुकले.

पहिला: चिठ्ठ्या लावायच्या नाहीत. आमच्या गल्लीतल्या बकऱ्या भिंतीवरचं पोस्टर खळीसकट चाटून खातात. त्यापेक्षा खडू बरा. खडू पाण्यात बुडवून लिहिला की वाळल्यावर अक्षर घट्ट बसतं, सहज जात नाही.

दुसरा: दुपारी लिहायचं. त्या दिवसांत सगळं गाव कापूस वेचायला वावरात असतं. कोणी बघणार नाही, म्हणजे कोणी विचारणार नाही.

तिसरा: फक्त आर्टिकल लिहायचं. वस्तू तर समोर दिसतेच. तिचं नाव पोरांनी ओळखून घ्यावं. शिवाय कमी लिहिलं की लवकर आटोपतं आणि पळता येतं.

गुरुवारी सरांची घाटंजीला मीटिंग होती, म्हणून शाळा अर्धीच भरली. मी वाटीत पाणी घेतलं, खडू घेतला आणि निघाले. गल्लीत मी, कोंबड्या आणि एक झोपलेलं कुत्रं.

मारुतीच्या देवळाच्या खांबावर "द". गावात ते एकच आहे. पाण्याच्या टाकीवर "द". सरपंचांच्या दारावर "द", कारण सरपंच एकच. हातपंप दोन आहेत, म्हणून दोन्हींवर "ए". डेअरीच्या ओट्यावर दुधाची कॅन पालथी घातली होती. दूध मोजता येत नाही, म्हणून कॅनवर छान गोल शून्य काढलं. मग घरांच्या दारांवर ओळीनं "ए", "ए", "ए". आमच्या दारावरही. ए हाऊस. अनेक घरांतलं एक घर.

पण अॅन कुठं लिहायचं? मुंगीवर लिहिता येत नाही. अंड्यावर लिहिलं असतं, पण कोंबडी उठायला तयार नव्हती. सगळं गाव पालथं घातलं, एक अॅन सापडेना! आणि अॅनशिवाय धडा पूर्ण कसा होणार?

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला सुभद्राकाकूचं घर दिसलं. मातीच्या भिंती, वर कवेलू म्हणजे मातीची कौलं, आणि एका बाजूला कललेलं, जसं म्हातारं माणूस काठीवर रेलून उभं राहतं तसं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अॅन ओल्ड हाऊस!

मी इतकी खूश झाले की दारावर ए आणि एन ही दोन अक्षरं बाकीच्यांपेक्षा मोठी काढली. वळणदार काढली. त्या घराला जुनं म्हणताना मला काहीच वाटलं नाही. मी घराकडे बघतच नव्हते. मी व्याकरणाकडे बघत होते.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या गावात दारावर कोणी उगाच लिहीत नाही. पोलिओचे डोस पाजायला येणाऱ्या बाया दारावर खडूनं खूण करून जातात. जनगणनेचे लोक आकडे टाकतात. संडासाचा सर्व्हे झाला तेव्हा लिहिलं, नळाचा झाला तेव्हा लिहिलं. ते कोणी पुसत नाही. सणाला भिंत सारवतात तेव्हा तेवढी अक्षरं सोडून भोवतीनं हात फिरवतात. पुसलं आणि यादीतून नाव कटलं तर? मी याच गावात लहानाची मोठी झाले. हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण वीसपैकी वीस मिळालेल्या माणसाला गावातल्या गोष्टी आठवत नाहीत.

त्यात दोन महिन्यांपूर्वी ग्रामसेवक येऊन घरकुलासाठी नावं लिहून घेऊन गेले होते. सुभद्राकाकूच्या घराचा त्यांनी मोबाइलवर फोटोही काढला होता. तेव्हापासून काकू रोज कोणाला ना कोणाला विचारायची, "आली का गा यादी?"

संध्याकाळी लोक डोक्यावर कापसाची गाठोडी घेऊन परतले आणि जो तो आपापल्या दारासमोर थबकला. आमच्या दारासमोर भाऊरावकाका उभे राहिले. ते शेजारीच राहतात. तीन याद्यांत त्यांचं नाव आलेलं नाही, त्यामुळे याद्यांमधलं सगळ्यात जास्त त्यांनाच कळतं असं गाव मानतं.

"ए लिवलं हाय," ते म्हणाले.

"ए म्हणजे काय जी?" आईनं विचारलं.

"शाळेत नाई का देत पोट्ट्यायले? चांगल्याले ए. आपल्या घरायले ए ग्रेड देल्ला."

आईचा चेहरा उजळला. "म्हणजे आपलं घर चांगलं निंगालं?"

"चांगलं निंगालं म्हणजे घरकुल गेलं ना वयनी! चांगल्या घराले कोन घरकुल देते?"

आईनं डोक्यावरचं गाठोडं खाली टाकलं. "माय माय! अन् मांगची भिंत पडाले आली, ते नाई दिसली काय त्यायले?" मग ती माझ्याकडे वळली. "पल्लवे, तू त घरीच होती ना दुपारी? कोन आलतं?"

हीच ती वेळ होती. तोंड उघडायचं आणि म्हणायचं, मीच लिहिलं. मी तोंड उघडलं. पण भाऊरावकाका, आई आणि मागे जमलेली चार माणसं, सगळी माझ्याकडे बघत होती.

"कोणी नाही," मी म्हणाले.

खोटं नव्हतं हो ते! बाहेरचं कोणीच आलं नव्हतं.

"पाहा!" भाऊरावकाकांनी मांडीवर थाप मारली. "पोरगी घरात असून तिले पत्ता नाई. चूपचाप येऊन गेले. अचानक तपासणी म्हनते याले!"

झालं. माझी दोन शब्दांची साक्ष, आणि तपासणी सिद्ध.

मग कोणीतरी ओरडत आलं की सुभद्राच्या दारावर दोन अक्षरं आहेत. सगळे तिकडे धावले. मीही गेले, मागून. भाऊरावकाकांनी दार नीट न्याहाळलं. सगळ्यांना ए ग्रेड, हिला वेगळा. शिवाय फोटो हिच्याच घराचा. आणि अक्षरंही मोठी.

"सुभद्रे, तुयं झालं," ते म्हणाले. "तुयं पास झालं."

काकूनं त्या अक्षरांवर हात ठेवला आणि तो हात कपाळाला लावला. घरात जाऊन ती गूळ घेऊन आली आणि प्रत्येकाच्या तळहातावर एकेक खडा ठेवत गेली. माझ्याही ठेवला. "तोंड गोड कर वं पोरी."

मी खाल्ला. तेव्हा तरी सांगायचं होतं, असं तुम्ही म्हणाल. हो. सांगायचं होतं. पण तोंडात गूळ होता.

शुक्रवारी सकाळी बाहेर येऊन बघते तो काय! आमच्या दारावर "ए" च्या पुढे एन. शेजारी एन. समोर एन. रात्रीतून गावाला एन फुटले होते! काही वाकडे, काही उलटे, एके ठिकाणी तर एनला एक पाय जास्त. भाऊरावकाकांच्या बोटांना खडू लागला होता आणि ते खिशात हात घालून फिरत होते. दोन्ही हातपंपांनाही एन लागले. हातपंपाला घरकुल कशाला हवं, हे कोणी विचारलं नाही.

डेअरीवर वेगळंच चाललं होतं. दूधवाले काका कॅन डोक्यावर घेऊन सगळ्यांना सांगत होते, "माया दुधाले शून्य कोनं देल्लं? आईची आन, पानी टाकत नाई मी!" तोपर्यंत कोणी काही बोललेलं नव्हतं. त्यानंतर मात्र प्रत्येक जण कॅनमध्ये वाकून बघायला लागला.

हे सगळं मी सोसलं असतं. पण शाळेतून येताना सुभद्राकाकूच्या घराकडून खडखड आवाज आला. तिचे यजमान, महादेवकाका, छपरावर बसले होते. एकेक कवेलू काढून खाली काकूकडे देत होते. छपराचा एक कोपरा उघडा झाला होता आणि त्यातून घरात उन्हाचा मोठा चौकोन पडला होता. चुलीजवळ, जिथं ऊन कधीच पोचलं नसेल तिथं.

"आली का वं?" काकू म्हणाली. ती एवढी आनंदात मी कधी पाहिली नव्हती. "जुनं पाडल्याबिगर नवीन बांधता येत नाई ना! परवा रविवारी माये दोघं भाऊ येऊन राह्यले, भिंती पाडाले. तवरीक आमी गोठ्यात राहू."

परवा. म्हणजे माझ्याकडे दोन दिवसही नव्हते. छप्पर पुन्हा चढवता येतं. मातीची भिंत एकदा पडली की तिचा ढीग होतो.

मी दप्तर खाली ठेवलं. शपथ घेऊन सांगते, मी सांगायलाच गेले होते.

"काकू..."

"धर," ती म्हणाली आणि तिनं माझ्या हातात कवेलू दिलं. "तठी रचून ठेव. हळू, फुटते ते."

मी रचून ठेवलं. तिनं दुसरं दिलं. मी तेही ठेवलं. तिसऱ्याला मी म्हटलं, "काकू, नका ना काढू."

"काहून?"

"थंडी... थंडी आहे."

"हट येडी! गोठ्यात त ढोरायची ऊब राह्यते."

माझं सगळं धैर्य हवामानाच्या अंदाजापर्यंत जाऊन संपलं. त्या दिवशी मी बासष्ट कवेलू उतरवून घेतली. मोजली मी. एकही फोडलं नाही. काकू काम करता करता बोलत होती, पस्तीस पावसाळे या छपराखाली काढले, लग्न होऊन आली तेव्हा याच दारातून आली, नवीन घरात पहिला चहा तुलाच देईन. मी पुढचं कवेलू घेत होते. संध्याकाळी तिनं आईला सांगितलं, "तुयी पोरगी बोलत नाई, पन कामाले वाघीन हाय." आईला किती बरं वाटलं! मी जेवले नाही.

शनिवार उजाडला. भोयर सर पाचवीची तीस पोरं घेऊन निघाले. मी मागे. ठरल्याप्रमाणे.

पहिलं दार. पोरं ओरडली, "अॅन हाऊस!"

सर थांबले. दुसरं दार. "अॅन हाऊस!" हातपंप. "अॅन हँडपंप!" पोरांचा आवाज वाढत होता आणि सरांचा चेहरा उतरत होता. ते हळूहळू मागे आले आणि कोणी ऐकणार नाही अशा आवाजात मला म्हणाले, "पल्लवी, चाचणीत वीसपैकी वीस तुलाच होते ना?"

मी मान हलवली.

"शेजारी कोण बसलं होतं तुझ्या?"

सर रागावले नव्हते. त्यांना वाईट वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं.

असं करत आम्ही सुभद्राकाकूच्या घरापाशी आलो. अर्ध्याहून जास्त छप्पर गेलं होतं. वर महादेवकाका, खाली काकू. दारावर माझी दोन अक्षरं.

पाचवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, अॅन ओल्ड हाऊस!"

"शाबास!" सरांचा चेहरा पहिल्यांदाच खुलला.

पण तिच्या शेजारची मुलगी हुशार निघाली. "पन सर, हे त मोडेल हाय. ए ब्रोकन हाऊस. मंग अॅन नाई लागत."

सरांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, विचार केला. "बरोबर आहे," ते म्हणाले. खिशातून रुमाल काढला, बाटलीतल्या पाण्यानं ओला केला आणि एन पुसायला दाराकडे गेले.

"मास्तर! हात नोका लावू!"

काकू अशी ओरडली की छपरावर काकांच्या हातातलं कवेलू निसटलं. ती धावत आली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"अहो ताई, चुकलंय ते. एक अक्षर जास्त आहे," सर म्हणाले.

"जास्त नाई! तेच एक अक्षर त आलं पस्तीस वर्सात! मायं घरकुल हाय ते!"

"ताई, हे इंग्रजी आहे."

"असन! सरकारचं सगळं इंग्रजीतच राह्यते!"

लोक जमले. भाऊरावकाका आले आणि म्हणाले, सरकारी खूण पुसली तर केस होते. सर म्हणाले, कसली सरकारी? महादेवकाका छपरावरून म्हणाले, मास्तर, तुमी शिकले-सवरले मानूस, गरिबाच्या पोटावर काहून पाय देता? सरांच्या हातातला ओला रुमाल ठिबकत होता. पाचवीची पोरं डोळे मोठे करून बघत होती. आणि काकूचा हात पाठीमागं, त्या अक्षरांवर घट्ट दाबलेला. ती रडत होती.

"मी लिहिलं," मी म्हणाले.

कोणीच ऐकलं नाही. मला तरी कुठं ऐकू आलं?

"काकू, मी लिहिलं."

एका पोरीनं वळून पाहिलं, बस. मग मी इतक्या जोरात ओरडले की झोपलेलं कुत्रं उठून पळालं. "ते मी लिहिलं! सगळ्या दारांवर मीच लिहिलं! खडूनं! शाळेसाठी!"

एवढ्या माणसांनी एकाच वेळी माझ्याकडे कधीच बघितलं नव्हतं.

"तू?" काकू म्हणाली. "अन् मंग काल..." तिची नजर रचलेल्या कवेलूंकडे गेली. माझ्या बासष्टांकडे. "काल त तू मायासंगं कवेलू रचून राह्यलती ना वं."

मी म्हणाले, "सांगायलाच आले होते."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"भ्याले."

काकू ओरडली नाही. ओट्यावर बसली. मोठ्यानं कोणाला तरी म्हणाली, मला की काकांना कळलं नाही, "मंग आता हे वर कोन चढवन?" काका छपराच्या उघड्या बांबूंवर बसून राहिले, जणू खाली उतरायचं कारणच उरलं नव्हतं.

मग भाऊरावकाकांना राग आला. "म्या नऊ दारायवर एन लिवला! रातभर!" असं ते बोलून गेले आणि लगेच हात खिशात घातले, कारण आता सगळे त्यांच्याकडे बघत होते. एकेक जण आपापल्या बोटांकडे बघायला लागला. आई माझ्यापाशी आली. आता पाठीत धपाटा बसणार म्हणून मी डोळे मिटले. तिनं पदर खोचला आणि मला ढकललं. "उभी काहून हायेस? उचल कवेलू."

त्या दिवशी गावानं कापूस वेचला नाही. माणसं वर चढली, बाया खाली रांगेत. सरांनीही बाह्या सारल्या आणि पाचवीच्या पोरांना रांगेत उभं केलं. सकाळी जे कवेलू निसटून फुटलं होतं ते, आणि त्याआधीची फुटकी, सगळी बदलली. आठ घरांनी आपल्याकडची आणून दिली. कोणी काळपट, कोणी लालभडक. दुसऱ्या दिवशी काकूचे भाऊ टिकाव घेऊन पाडायला आले, त्यांना माती कालवायला बसवलं. भिंती लिंपल्या, दार पुसलं, ओटा सारवला. घर जवळजवळ सरळ उभं राहिलं.

इथं किस्सा संपला असता तर मी तुम्हाला चहासोबत बिस्किटंही दिली असती.

पंधरा दिवसांनी खरे ग्रामसेवक आले. हातात मोबाइल. सुभद्राकाकूच्या दारासमोर उभे राहिले, वर बघितलं, भिंतींकडे बघितलं. सारवलेला ओटा बघितला.

"ताई, घर तर चांगलं दिसतंय," ते म्हणाले. "मागच्या वेळी पडकं होतं असा शेरा आहे. आता काय लिहू?"

मी तेव्हा घरी होते. आमच्या दारात येऊन काकू नुसती उभी राहिली. "चाल," एवढंच म्हणाली. मी गेले.

काकूनं मला ग्रामसेवकांसमोर उभं केलं. मागे पुन्हा सगळी गल्ली. "सांग सायबाले."

मी नेहमीसारखी मागे सरकायला गेले. पण मागे उभं राहायला जागाच नव्हती.

"सर, घर जुनं आहे," मी म्हणाले. "मातीचा हात नवा आहे, भिंत जुनी आहे. मागच्या बाजूला आरपार भेग आहे, हात जातो. वरची कवेलू आठ घरांची आहेत. बघा, रंग वेगळे आहेत. आतले बांबू किडले आहेत. मी पाहिलेत, कवेलू काढली तेव्हा. छप्पर मीच..." इथं मी थांबले.

ग्रामसेवक मागे गेले. भेगेत हात घातला, फोटो काढला. आत जाऊन बांबूंचा फोटो काढला. बाहेर येऊन मोबाइलवर बोटं चालवायला लागले. "बरं. शेऱ्यात काय टाकू मग?"

"जुनं घर," मी म्हणाले. जोरात. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

"जु... नं..." ते लिहू लागले.

काकू एकदम पुढे झाली.

"पुरं लिवजा हो सायेब," ती म्हणाली. "ह्या पोट्टीवानी अर्धं नोका सोडू."